कोणाची टीम भारी?

मॅगझिनच्या मराठी विभागाला लेख कमी पडतायत, तू काहीतरी लिही, असं संपादक मंडळातल्या मित्राने सांगितलं तेव्हा मला आधी हसूच आलं. माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये. मराठी म्हणजे शाळेत आठवड्याचे चार तास आणि घरी आजीशी गप्पा, एवढाच संबंध. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका संपादकांनी सुधारायच्या, या अटीवर लिहायला बसलो आहे.

विषय मात्र शोधावा लागला नाही. आपल्या जिमखान्यात शिरलं की समोरच्या भिंतीवर कॉलेजच्या एका जुन्या फुटबॉल टीमचा फोटो दिसतो. रंग उडालेला, काचेला तडा गेलेला. आपल्या वर्कशॉपमधले एक सर त्या फोटोत खालच्या रांगेत बसलेले आहेत. आमची टीम कितीही चांगली खेळली तरी सरांचं मत ठरलेलं, आमच्या वेळच्या टीमने तुम्हाला अर्ध्या तासात गुंडाळलं असतं! आणि आमचं उत्तरही ठरलेलं, सर, तेव्हा कॉलेजेस होती तरी किती? टीव्ही रूममध्येही तेच. 1983 ची टीम भारी की 2011 ची, लॉइडची वेस्ट इंडीज भारी की स्टीव्ह वॉची ऑस्ट्रेलिया. मेस बंद व्हायची वेळ होते तरी भांडण मिटत नाही. मिटणार कसं? त्या दोन टीम्स एकमेकींसमोर कधी उभ्याच राहणार नाहीत.

हेच भांडण अमेरिकेत शंभराहून अधिक वर्षे चालू आहे, आणि तेही कॉलेजच्या फुटबॉलवरून. त्याबद्दल वाचता वाचता मला एक माणूस भेटला. नूट रॉकनी. त्याचं आयुष्य वाचल्यावर माझं सरांशी असलेलं भांडण मिटलं नाही, पण भांडायची पद्धत नक्की बदलली. म्हणून त्याची ही गोष्ट.

आधी एक खुलासा. हा फुटबॉल आपला पायाने खेळायचा फुटबॉल नव्हे. अमेरिकन फुटबॉलमध्ये चेंडू लांबट, दोन्ही टोकांना निमुळता असतो. तो हातात घेऊन पळायचं आणि समोरचे अकराजण अंगावर येत असताना पलीकडची रेषा गाठायची. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे गेलात तर चेंडू तुमच्याकडे राहतो, नाहीतर समोरच्यांना मिळतो. अमेरिकेत या खेळाचे कॉलेजचे सामने म्हणजे आपल्याकडच्या रणजी सामन्यांसारखे रिकाम्या स्टेडियममध्ये होत नाहीत, ऐंशी हजार, लाख लोक जमतात.

रॉकनीचा जन्म 4 मार्च 1888 रोजी नॉर्वेमधल्या व्हॉस या गावी झाला. वडील घोडागाड्या बनवणारे कारागीर होते. 1893 साली शिकागोला मोठे जागतिक प्रदर्शन भरले, त्या निमित्ताने ते अमेरिकेत आले आणि मागोमाग कुटुंबालाही बोलावून घेतले. नूट तेव्हा पाच वर्षांचा होता. पुढे शाळा संपल्यावर कॉलेजसाठी पैसे नव्हते, म्हणून त्याने शिकागोच्या टपाल खात्यात नोकरी धरली. सुमारे चार वर्षे टपालाची वर्गवारी करून पैसे साठवले आणि 1910 साली, वयाच्या बाविसाव्या वर्षी, इंडियाना राज्यातल्या नोटर डेम विद्यापीठात प्रवेश घेतला. म्हणजे आपल्याकडे ज्या वयात लोक डिग्री घेऊन बाहेर पडतात, त्या वयात हा फर्स्ट इयरला होता. त्यात टक्कल पडायला सुरुवात झालेली आणि अंगाने किरकोळ. नोटर डेम ही कॅथलिक धर्मगुरूंनी चालवलेली संस्था आणि हा लुथरन पंथाचा. आमच्या शाळेतही फादर आणि सिस्टर होत्या, त्यामुळे तिथल्या शिस्तीची कल्पना मी तरी करू शकतो!

आता खेळाकडे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हा खेळ इतका रानटी होता की दरवर्षी मुलं मैदानावर मरत. 1905 साली अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टनच्या प्रतिनिधींना व्हाइट हाउसमध्ये बोलावून खेळ सुधारा म्हणून बजावले. त्यानंतर 1906 मध्ये नियम बदलले आणि चेंडू पुढच्या दिशेने फेकायला परवानगी मिळाली. पण बहुतेक मोठ्या संघांना ही फेक म्हणजे पोरखेळ वाटे. ते आपले रेटारेटी करूनच जिंकत.

1913 च्या उन्हाळ्यात रॉकनी आणि त्याचा रूममेट गस डोराइस यांनी ओहायोत ईरी सरोवराच्या काठी सीडर पॉइंट इथे सुट्टीतली नोकरी धरली. जाताना कॉलेजमधून एक चेंडू सोबत नेला होता. काम संपलं की वाळूवर एकाने फेकायचा, दुसऱ्याने पळता पळता झेलायचा. सुट्टीभर हेच. त्या वर्षी 1 नोव्हेंबरला वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीशी, म्हणजे आर्मीशी, सामना होता. नोटर डेमचं नाव तेव्हा पूर्वेकडे फारसं कोणाला ठाऊक नव्हतं. डोराइसने 17 पैकी 14 फेकी यशस्वी केल्या, 243 यार्ड मिळवले आणि नोटर डेमने आर्मीला 35-13 असे हरवले. फेकीचा शोध या दोघांनी लावला असं पुष्कळ ठिकाणी सांगतात ते खरं नाही, सेंट लुईस विद्यापीठाचा संघ 1906 पासूनच फेक वापरत होता. पण नियम सात वर्षे पुस्तकात असूनही त्याचा नीट अभ्यास करून एवढ्या मोठ्या सामन्यात तो वापरला याने.

1914 साली रॉकनी औषधनिर्माणशास्त्राची पदवी उत्तम गुणांनी पास झाला. पुढे तिथेच रसायनशास्त्र शिकवू लागला. प्रयोगशाळेत तो फादर ज्युलियस न्यूलँड यांचा सहायक होता. या फादरांच्या अॅसिटिलीनवरच्या संशोधनातून पुढे ड्यूपाँ कंपनीने निओप्रीन हे कृत्रिम रबर तयार केले. केमिकलवाल्या मित्रांनी ही नोंद घ्यावी! रॉकनी सकाळी लॅब आणि संध्याकाळी मैदान अशी दुहेरी नोकरी करत होता. 1918 साली तो मुख्य प्रशिक्षक झाला.

पुढच्या 13 मोसमांत त्याच्या संघांनी 105 सामने जिंकले, 12 हरले आणि 5 बरोबरीत सुटले. बरोबरीला अर्धा विजय धरला तर हे 88.1 टक्के होतात. 1919, 1920, 1924, 1929 आणि 1930 असे पाच मोसम तर सगळेच्या सगळे सामने जिंकून संपले.

पहिल्या दोन मोसमांचा हिरो होता जॉर्ज गिप. अभ्यासात कच्चा, पत्ते आणि बिलियर्ड्समध्ये पक्का, पण मैदानावर जादूगार. डिसेंबर 1920 मध्ये घशाचा संसर्ग आणि न्यूमोनिया होऊन तो वयाच्या पंचविसाव्या वर्षी गेला. तेव्हा पेनिसिलिन नव्हतं. आज एखाद्या गोळीच्या कोर्सने जो बरा झाला असता, तो देशातला सर्वोत्तम खेळाडू महिन्याभरात संपला. संघांची तुलना करताना आपण उंची, वजन, वेग मोजतो. औषधं कोण मोजतं?

मग आला 1924 चा संघ. स्टुलड्रेहर, मिलर, क्राउली आणि लेडन हे चौघे मागच्या फळीत. आर्मीवरच्या 13-7 अशा विजयानंतर ग्रँटलंड राइस या पत्रकाराने त्यांना बायबलमधल्या चार घोडेस्वारांची उपमा दिली आणि रॉकनीच्या प्रसिद्धी विभागात काम करणाऱ्या एका विद्यार्थ्याने डोकं चालवून चौघांना खरोखरच घोड्यांवर बसवून फोटो काढून घेतला. तो फोटो देशभर छापून आला. मागचे चौघे प्रसिद्ध झाले तसे त्यांच्यापुढे उभं राहून मार खाणाऱ्या सात जणांनी स्वतःला सात खेचरं म्हणवून घेतलं, हे मला जाम आवडलं. चार घोडेस्वारांपैकी एकाचंही वजन 75 किलोच्या वर नव्हतं. या संघाने दहाच्या दहा सामने जिंकले, एकूण गुण 285 विरुद्ध 54. शेवटचा सामना 1 जानेवारी 1925 रोजी कॅलिफोर्नियात रोझ बोलमध्ये स्टॅनफर्डशी झाला. किती यार्ड पुढे गेले हे मोजलं तर स्टॅनफर्ड सरस होतं. निकाल मात्र नोटर डेम 27, स्टॅनफर्ड 10.

आता मुद्द्याची तुलना करू. चार संघ घ्या. 1901 चा मिशिगनचा संघ, 11 सामने, 550 विरुद्ध 0 गुण. होय, शून्य! 1924 चा नोटर डेम. 1944 चा आर्मी, 9 सामने, 504 विरुद्ध 35, आणि त्यात नोटर डेमलाच 59-0 असे धुतलेले. आणि 1995 चा नेब्रास्का, 12 पैकी 12 विजय, त्यातला सगळ्यात चुरशीचा सामनाही 14 गुणांनी जिंकलेला, अंतिम लढतीत फ्लोरिडावर 62-24.

नुसते आकडे पाहिले तर मिशिगनला पहिला नंबर द्यावा लागेल. पण 1901 मध्ये पुढे फेक करताच येत नव्हती, टचडाउनला सहाऐवजी पाचच गुण होते आणि बऱ्याच कॉलेजांत हा खेळ अजून बाळसंच धरत होता. आर्मीचा 1944 चा संघ ग्रेट होताच, पण तेव्हा महायुद्ध चालू होतं. इतर कॉलेजांची तगडी मुलं युद्धावर गेलेली आणि वेस्ट पॉइंटचे कॅडेट शिक्षण पूर्ण होईपर्यंत अकादमीतच. नेब्रास्काच्या वेळेपर्यंत आक्रमणाचे अकरा वेगळे, बचावाचे अकरा वेगळे, वेट ट्रेनिंग, आहारतज्ज्ञ, व्हिडिओ, सगळं आलेलं. त्यांच्या पुढच्या फळीतले खेळाडू सव्वाशे-दीडशे किलोच्या घरातले. आपले चार घोडेस्वार त्यांच्यासमोर उभे केले तर सामना नव्हे, अपघात होईल.

पण उलटा विचार करून बघा. 1924 मध्ये तेच अकराजण आक्रमणही करत आणि बचावही. मैदानाबाहेर गेलेला खेळाडू वाटेल तेव्हा परत येऊ शकत नसे. दीडशे किलोच्या माणसाला न थांबता दोन्ही कामं साठ मिनिटं करायला सांगितली तर शेवटच्या पंधरा मिनिटांत त्याचं काय होईल? हे रॉकनीला पक्कं माहीत होतं. तो पुष्कळदा राखीव खेळाडूंचा संघ आधी उतरवायचा. ते समोरच्यांना दमवत, मार खात. मग ताजेतवाने घोडेस्वार आत जात. त्या नियमांत हलकी, चपळ, दमदार माणसंच जिंकणार होती आणि त्याने तशीच निवडली. थोडक्यात, प्रत्येक संघ हे त्या त्या वेळच्या नियमांच्या प्रश्नाला दिलेलं उत्तर असतं. प्रश्नपत्रिका वेगवेगळ्या असताना मार्कांची तुलना कशी करणार? जुना सिलॅबस, नवा सिलॅबस हे आपल्याला वेगळं सांगायला नको!

गंमत म्हणजे या तुलनेच्या नादातून रॉकनीसुद्धा सुटला नाही. इलिनॉय विद्यापीठात फ्रँक डिकिन्सन नावाचे अर्थशास्त्राचे प्राध्यापक होते. संघ कोणाला हरवतो, समोरचा किती बलवान आहे, यावरून गुण देऊन देशातला सर्वोत्तम संघ ठरवायची पद्धत त्यांनी बसवली. 1926 मध्ये तिला प्रसिद्धी मिळाली. ते कानावर येताच रॉकनीने त्यांना गळ घातली की हे गणित दोन वर्षे मागे नेऊन 1924 पासून लावा. लावलं, आणि 1924 चा विजेता निघाला अर्थातच नोटर डेम! म्हणजे आपल्या जुन्या टीमला मागून मोठं करण्याची हौस फक्त वर्कशॉपमधल्या सरांनाच असते असं नाही.

आता त्याच 1926 सालचा प्रसंग. नोटर डेमने आठ सामने सलग जिंकलेले होते. 27 नोव्हेंबरला पिट्सबर्गमध्ये कार्नेगी टेकशी सामना होता. कार्नेगी टेक म्हणजे आजची कार्नेगी मेलन, जिथे एमएससाठी जायची स्वप्नं आपल्या होस्टेलच्या निम्म्या खोल्यांत पडतात. इंजिनीअरिंगचं कॉलेज, यांना काय हरवायचं! रॉकनीने संघ सहायकाच्या हवाली केला आणि स्वतः शिकागोला आर्मी विरुद्ध नेव्ही हा मोठा सामना बघायला गेला. इकडे इंजिनीअरिंगच्या पोरांनी नोटर डेमला 19-0 असं हरवलं. कागदावर केलेली तुलना मैदानावर फाटली, आणि प्रशिक्षक तिथे नव्हताच.

हे वाचताना मला घाम फुटला, कारण मी हेच केलं आहे. गेल्या वर्षी इंटर-कॉलेजिएटमध्ये आमची एक मॅच एका छोट्या डिप्लोमा कॉलेजशी होती. ती मॅच खिशात आहे असं आम्ही सगळेच धरून चाललो होतो. मी टीमचा गोलकीपर. कॅप्टनला सबमिशनचं कारण सांगितलं आणि शहरात सिनेमाला गेलो. माझ्या जागी फर्स्ट इयरचा एक मुलगा उभा राहिला, ज्याला आम्ही धड सरावही दिला नव्हता. आम्ही 2-1 ने हरलो आणि स्पर्धेबाहेर गेलो. तो मुलगा त्या रात्री मेसमध्ये जेवायला आला नाही. मी खरं कारण कोणाला सांगितलं नव्हतं, ते आज इथे छापून येतंय. त्याची माफी मी प्रत्यक्ष मागितली आहे, टीमची इथे मागतो.

रॉकनीलाही धडा पुरेसा मिळाला नसावा. 1928 चा मोसम त्याचा सर्वात वाईट, नऊपैकी चार सामने हरला, त्यातला एक पुन्हा कार्नेगी टेककडूनच, आणि तो घरच्या मैदानावर. त्याच मोसमात आर्मीविरुद्धच्या सामन्यात त्याने मृत गिपची आठवण काढून मुलांना पेटवलं आणि 12-6 असा विजय मिळवला. गिपने मरताना त्याला खरोखर काही सांगितलं होतं का, यावर आजही वाद आहे. 1940 साली निघालेल्या चित्रपटात गिपचं काम रोनाल्ड रेगन यांनी केलं, जे पुढे अमेरिकेचे अध्यक्ष झाले.

पण माणूस परत उभा राहिला. 1929 मध्ये नोटर डेमचं नवं स्टेडियम बांधलं जात होतं, म्हणून सगळे सामने बाहेर खेळावे लागले. त्यात रॉकनीच्या पायाच्या शिरेत रक्ताची गाठ झाली. डॉक्टरांनी घरी बसायला सांगितलं तरी तो काही सामन्यांना चाकाच्या खुर्चीत बसून हजर राहिला. नऊपैकी नऊ विजय. 1930 मध्ये नवं स्टेडियम मिळालं आणि दहापैकी दहा.

31 मार्च 1931. एका चित्रपटाच्या कामासाठी त्याला लॉस एंजेलिसला जायचं होतं. कॅन्सस सिटीला तो आपल्या दोन मुलांना भेटायला थांबला, पण मुलांची गाडी उशिरा आली आणि विमान पकडायचं असल्याने भेट झालीच नाही. फोकर एफ-10 जातीचं ते तीन इंजिनांचं विमान कॅन्ससमधल्या बझार गावाजवळ कोसळलं. आठही माणसं ठार झाली. रॉकनी 43 वर्षांचा होता.

या विमानाचा पंख लाकडाचा होता, फळ्या सरसाने जोडलेला. आत ओलावा शिरून जोड सैल झाले आणि पंख हवेतच तुटला. तोपर्यंत अमेरिकन सरकार अपघातांच्या चौकशीचे निष्कर्ष गुप्त ठेवत असे. पण या वेळी मेलेला माणूस देशातल्या पोरापोरांना माहीत होता. लोकांच्या रेट्यामुळे निष्कर्ष सांगावे लागले, त्या जातीची विमानं काही काळ जमिनीवर उतरवली गेली आणि पंख आतून तपासणं सक्तीचं झालं. एअरलाइनने लाकडी विमानांचा नाद सोडून पूर्ण धातूचं विमान मागितलं. त्यातून डग्लस कंपनीचं डीसी-1, मग डीसी-2 आणि 1935 मध्ये डीसी-3 जन्मलं. हेच ते डकोटा. 27 ऑक्टोबर 1947 रोजी आपले जवान श्रीनगरला उतरले ते याच जातीच्या विमानांतून.

सामने, चषक, टक्केवारी याबद्दल लोक भांडत राहतील. माझ्या मते रॉकनीचे सर्वोत्तम संघ कोणते हे ठरवायचं असेल तर ते आपल्या काळातल्या इतरांच्या किती पुढे होते आणि नंतरच्यांनी त्यांच्याकडून काय उचललं, एवढंच विचारता येतं. या मोजमापाने 1913 ची ती फेक, 1924 चे हलके घोडेस्वार आणि 1929 चा घर नसलेला संघ हे तिन्ही नेब्रास्काच्या शेजारी मान वर करून बसू शकतात. आणि 1926 ची ती दुपार मात्र कुठल्याच हिशेबात बसत नाही, कारण त्या दिवशी रॉकनी आपल्या जागेवर नव्हता.

परवा मी वर्कशॉपमधल्या सरांना भेटलो. कोणाची टीम भारी हे विचारलं नाही. तुम्ही कसल्या बुटांनी खेळायचात, एवढंच विचारलं. कॅनव्हासचे, आणि पावसात अनवाणी, असं म्हणून सर जे सुरू झाले ते जॉब सबमिट करायची वेळ संपली तरी थांबेनात. पुढच्या महिन्यात सामने सुरू होतायत. पहिला सामना परत त्याच डिप्लोमा कॉलेजशी आहे. मी गोलमध्ये असेन. सरांना बोलावलं आहे, तुम्हीही या.